सोशल न्यूरोसायन्सचा पेपर घेताय? अभ्यास कसा करायचा ते सांगते

एम.ए. मानसशास्त्राला ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की आपल्याकडची बहुतेक मुलं-मुली समुपदेशनाकडे वळतात. सोशल न्यूरोसायन्सचं नाव निघालं की दोनच गोष्टी ऐकू येतात: दहावीनंतर सायन्स सोडलं, आता मेंदू कसा झेपणार, आणि पुस्तकं तर सगळी इंग्रजीत. मी पाचोऱ्याहून जळगावला अप-डाउन करत हा पेपर केला. शिक्षण मराठी माध्यमातलं, अकरावीपासून आर्ट्स. हा विषय झेपतो हे मी खात्रीने सांगू शकते. फक्त बाकीच्या पेपरांसारखा गाइड पाठ करून चालत नाही. यात प्रयोग वाचायला शिकावं लागतं, आणि एकदा ते जमलं की विषय मनापासून आवडायला लागतो.

विषय तसा नवा आहे. जॉन कॅसिओपो आणि गॅरी बर्न्टसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९२ च्या एका लेखात या नावाने तो मांडला. माणूस एकटा नसतो, त्याची नाती, त्याचा गोतावळा, त्याचं एकटेपण यांचा मेंदूवर आणि शरीरावर परिणाम होतो, आणि मेंदूचाही नात्यांवर होतो. म्हणून दोन्ही बाजू एकत्र अभ्यासायच्या, एवढा याचा गाभा. पहिल्या युनिटवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

मेंदूचे भाग आधी स्वतःच्या डोक्यावर शोधा

आकृत्या पाहून पाठ केलेली नावं परीक्षेत एकमेकांत मिसळतात. मी गाडीत खिडकीशी बसून डोक्यावर बोट ठेवून पाठ करायचे. कपाळाच्या मागे, अगदी मध्यावर, मिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स: आपण स्वतःचा किंवा दुसऱ्याच्या मनाचा विचार करतो तेव्हा हा भाग कामाला लागलेला दिसतो. कानाच्या वर, किंचित मागे, टेम्पोरो-पेरायटल जंक्शन, म्हणजे टीपीजे. समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा अंदाज बांधताना याचं नाव हमखास येतं. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढा अमिग्डाला. बाजूच्या मोठ्या घडीच्या आत दडलेला इन्सुला. दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर पुढच्या अंगाला अँटिरिअर सिंग्युलेट. आणि तळाशी, चेहरे पाहताना जास्त काम करणारा फ्युजिफॉर्म भाग, ज्यावर नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिलं. एवढी ठिकाणं पक्की झाली की पुढचे बरेचसे प्रयोग उलगडतात.

मात्र नावापुढे ‘भीतीचं केंद्र’, ‘प्रेमाचं केंद्र’ अशी पाटी लावायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. त्यासाठी एक उत्तम उपाय आहे: एकाच रुग्णाची गोष्ट वर्षानुवर्षांच्या शोधनिबंधांतून वाचत जायची. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकी स्त्री आहे. उरबाख-विथे नावाच्या दुर्मिळ आजारामुळे तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले. १९९४ मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. इथेच थांबलात तर ‘अमिग्डाला म्हणजे भीती’ असं लिहून मोकळे व्हाल. पण २००५ मध्ये त्याच संशोधकांना आढळलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. ‘डोळ्यांकडे बघ’ असं सांगितलं की तिला भीती ओळखता यायची, सूचना दिली नाही की पुन्हा अडायचं. म्हणजे अडचण ओळखण्याच्याही आधीची, नजर कुठे वळते याची निघाली. पुढे २०११ मध्ये तिला साप आणि कोळी दाखवले, भुताटकीचा खेळ चालणाऱ्या इमारतीतून फिरवलं, ती घाबरली नाही. आणि २०१३ मध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा मात्र तिला जबर घबराट झाली.

हे चार निबंध ओळीने वाचा. शास्त्र आपलंच म्हणणं कसं दुरुस्त करत जातं ते यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसलं नाही. परीक्षेत अमिग्डालावर प्रश्न आला तर हीच चार वर्षं क्रमाने लिहा.

यंत्र काय मोजतं ते समजून घ्या

निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम एफएमआरआयवर, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना त्याची चित्रं घेणाऱ्या एमआरआयवर, उभा आहे, म्हणून या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. शक्य असेल तर एकदा एमआरआय सेंटरवर जाऊन बसा. माझ्या मामांच्या मणक्याचा एमआरआय जळगावला होता, तेव्हा मी सोबत गेले होते. दार बंद असूनही ठक-ठक-ठक असा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता, मग मध्येच लांबलचक घरघर. मामांच्या अंगावरची साखळी, कमरेचा करदोडा, खिशातली नाणी, सगळं माझ्या ओंजळीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “हलू नका म्हणे, मी तर श्वाससुद्धा जपून घेतला.” त्या दिवसापासून कुठलाही ‘सामाजिक’ प्रयोग वाचताना मला ते दिसतं: माणूस एकटा, आडवा, डोकं साच्यात, कानात बोळे, समोर पडद्यावर चित्र आणि हाताशी बटण. अशा अवस्थेत त्याला माया, राग, विश्वास यांबद्दल विचारलेलं असतं. निबंधातल्या निष्कर्षाला किती वजन द्यायचं हे ठरवताना ही खोली विसरू नका.

आणि हे यंत्र विचार मोजत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिथे प्राणवायूवालं रक्त जास्त येतं, तो फरक मोजतं. हा फरक घटना घडल्यावर साधारण पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतले विजेचे संकेत टिपणारं तंत्र, मिलिसेकंदांत वेळ पकडतो, पण जागा नेमकी सांगू शकत नाही. पाच मार्कांचा हमखास प्रश्न आहे हा.

निबंधातल्या मेंदूच्या चित्रात रंगीत ठिपका दिसला की विचारायचं: कशाच्या तुलनेत? चेहरे पाहताना जे मोजलं त्यातून घरं पाहताना जे मोजलं ते वजा केलेलं असतं. ती दुसरी बाजू बदलली तर ठिपकाही बदलू शकतो. माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाखाली मी हेच लिहायचे: लोकांना प्रत्यक्षात करायला काय लावलं, ते लोक कोण होते, किती होते, आणि तुलना कशाशी होती. निष्कर्ष त्यानंतर.

संख्याशास्त्राची ज्यांना धास्ती आहे त्यांनी मेलेल्या माशाचा प्रयोग आधी वाचावा. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅल्मन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे प्रसंग असलेले फोटो दाखवले आणि या माणसांना काय वाटत असेल असं विचारलं. अगदी आपल्याच विषयातला प्रश्न. साध्या पद्धतीने हिशेब केला तर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. २००९ मध्ये त्यांनी हे मांडलं, २०१२ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. कारण सरळ आहे. समजा मेंदूचे एक लाख बारीक चौकोन केले आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली. हजारात एक वेळा चूक होऊ शकते असं धरलं तरी शंभर चौकोन काही कारण नसताना उजळतील. म्हणून चाचण्यांच्या संख्येनुसार दुरुस्ती करावी लागते, आणि ती केल्यावर माशाचा मेंदू शांत झाला. मल्टिपल कम्पॅरिझन्स हा धडा माझ्या वर्गातल्या सगळ्यांना या माशामुळे समजला. सरावासाठी जमोवी किंवा जास्प ही मोफत सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात.

आपल्या गावात आणून बघा, पण ताणू नका

बहिष्काराचा प्रयोग वर्गात सगळ्यात जास्त चर्चिला गेला. २००३ मध्ये नाओमी आयझनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी स्कॅनरमधल्या माणसाला पडद्यावर तिघांचा चेंडू फेकण्याचा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने बाकीचे दोघे, जे खरं तर कॉम्प्युटरच चालवत होता, आपापसातच चेंडू फेकू लागले. वगळलेल्या माणसाच्या अँटिरिअर सिंग्युलेटमध्ये हालचाल वाढली, आणि ज्याला जास्त वाईट वाटलं त्याच्यात ती जास्त होती. शारीरिक वेदनेतही हाच भाग काम करतो, म्हणून ‘वगळलं जाणं दुखतं’ ही मांडणी गाजली.

हे वाचल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लगेच वाळीत टाकलेली घरं येतात. एकाच गल्लीत राहून कुणी पाणी विचारत नाही, लग्नाचं आवतण नाही, मयतीला खांदा नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. माझ्या सेमिनारचा विषय हाच होता, आणि तुम्हीही आपल्याकडचा असाच एखादा प्रश्न घ्या असं मी आग्रहाने सांगेन. पण लिहिताना हात आखडता ठेवा. २००३ च्या प्रयोगात १३ जण होते. आणि सिंग्युलेट तर वेदना, चूक, द्विधा अशा कितीतरी प्रसंगी कामाला लागतो. भाग उजळला म्हणून अमुकच भावना होती असं उलट्या दिशेने म्हणता येत नाही. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये हा मुद्दा नीट मांडलाय. मेंदूच्या हजारो प्रयोगांचे निकाल एकत्र करणाऱ्या न्यूरोसिंथ या मोफत संकेतस्थळावर ‘वेदना’चा इंग्रजी शब्द टाकून बघा, मग दुसरा एखादा टाका, तेच भाग परत परत दिसतील. वाळीत टाकलेल्या घराचं दुःख खरं ठरायला मेंदूच्या चित्राची गरज नाही. चित्रातून फार तर ते दुःख शरीरात कुठवर पोचतं याचा थोडा माग लागतो. हा फरक सेमिनारमध्ये स्पष्ट बोला. परीक्षक त्याचेच मार्क देतात, आणि त्या घरांशी प्रामाणिक राहायचं तर तेच करायला हवं.

प्रात्यक्षिकासाठी स्कॅनर लागत नाही. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांची १९८५ ची बाहुल्यांची चाचणी घ्या. दुसऱ्याला काय ठाऊक नाही हे मुलाला कळतं का, ते ती बघते. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती काढून डब्यात ठेवते. पहिली परत आली की गोटी कुठे शोधेल? त्यांच्या अभ्यासात स्वमग्न (ऑटिझम) असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी चूक उत्तर दिलं, बाकीच्या गटांतल्या बहुतेक मुलांनी बरोबर. आमच्याकडे बाहुल्या चिंध्यांच्या होत्या, टोपली भाकरीची, डबा चहापत्तीचा. पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि मुलाशी घरच्या बोलीत बोला. पुस्तकी मराठीत विचारलं की मूल शाळेत उभं केल्यासारखं आवरून बसतं. मी अहिराणीत विचारलं. शेजारच्या चिमुरडीने उत्तरच दिलं नाही. ती वाकली, बाहुलीच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, “डबामा शे.” मग माझ्याकडे बघून, “मी तिले सांगी दिधं.”

उत्तरपत्रिकेत दोनच रकाने होते, टोपली आणि डबा. पण बाहुलीला ठाऊक नाही, हे कळल्याशिवाय कुणी तिला सांगायला जाईल का? म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत खुणेबरोबर मुलाने काय केलं, काय बोललं, कुणाकडे बघितलं, सगळं जसंच्या तसं लिहा. आमच्या मॅडमनी तोंडी परीक्षेत अर्धा वेळ त्या एका नोंदीवर घालवला. आणि कुठल्याही मुलावर, एका खेळावरून, कसलाही शिक्का मारू नका. घरच्यांनाही निकाल म्हणून काही सांगू नका.

घरचे विचारतील ते वेगळंच. माझी मोठमाय म्हणायची, “तुले आते मन वाचता येस का?” अशा वेळी हसून सोडून देऊ नका, शांतपणे समजावून सांगा. मोठमायला समजेल अशा भाषेत एफएमआरआय सांगता आला तर तुमचा तो धडा तयार झाला.

वाचन आणि पेपर

शोधनिबंध पबमेड सेंट्रल या ऑनलाइन संग्रहावर बरेचसे फुकट मिळतात. गाडीत नेटचा भरवसा नसतो, पीडीएफ आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. निबंध पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी आकृती, मग पद्धती, मग निकाल. चर्चा आणि सारांश शेवटी. एक निबंध पूर्ण समजायला सुरुवातीला आठवडा लागला तरी चालेल. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून अर्धं पान मराठीत लिहा. पेपर इंग्रजीत लिहिणार असाल तरी हे करा. मराठीत मांडता येत नाही तिथेच समजायचं राहिलेलं असतं.

उत्तरात प्रयोग लिहिताना वर्ष, संशोधक, कृती, निकाल आणि एक मर्यादा, एवढं आलंच पाहिजे. मर्यादेसाठी एक कायमची जागा आहे: जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायान यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की वर्तनशास्त्रातले बहुतांश प्रयोग पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू लोकांवर झालेत आणि ते जगातल्या इतर माणसांचे प्रतिनिधी नाहीत. ऑक्सिटोसिन या हार्मोनने माणसाचा दुसऱ्यावरचा विश्वास वाढतो हा २००५ चा प्रसिद्ध निष्कर्षही नंतरच्या प्रयोगांत सातत्याने टिकला नाही, तेही जोडा.

पुढे याच वाटेने जायचं असेल तर बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अलाहाबाद विद्यापीठातलं वर्तन आणि आकलन विज्ञानाचं केंद्र, आणि गांधीनगर आयआयटीचं कॉग्निटिव्ह सायन्समधलं एम.एस्सी. यांच्या प्रवेशाची माहिती दुसऱ्या सेमिस्टरपासूनच बघत राहा. मुलाखतीत आपल्या प्रात्यक्षिकाबद्दल विचारतात, म्हणून ती वही नीट कव्हर घालून जपून ठेवा.