स्केच हिरवं होण्याआधी : नव्याने कॅड शिकणाऱ्यांसाठी

कुडाळच्या एमआयडीसीत मी ड्रॉइंगचं काम करतो. मालवण-देवगडकडच्या मच्छीमार बोटींचे सुटे भाग, काजूच्या कारखान्यांतल्या मशिनींची दुरुस्ती, असं काम आमच्याकडे येतं. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली मुलं कॅडवर, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर, बसतात, तेव्हा रेषा, वर्तुळ, एक्स्ट्रूड हे सगळं त्यांना येत असतं. अडतं ते कन्स्ट्रेंटपाशी. आकार पडद्यावर अगदी बरोबर दिसतो, एक माप बदललं की सगळा वाकडा होतो, आणि मुलगा म्हणतो, सॉफ्टवेअर बिघडलंय.

सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. काढलेली रेषा आडवी आहे हे तुम्हाला दिसतं. सॉफ्टवेअरला ते सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे कन्स्ट्रेंट. ही कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा ड्रॉइंगचा प्रोग्रॅम केला, त्यातही दोन रेषा समांतर किंवा काटकोनात ठेवायची सोय होती. आजचं फ्रीकॅड, सॉलिडवर्क्स, फ्यूजन त्याच वाटेने चालतात.

हिशोब मोकळेपणाचा आहे. कागदाच्या पातळीवर एक बिंदू दोन दिशांना सरकू शकतो, म्हणून त्याच्या डिग्री ऑफ फ्रीडम दोन. रेषेला दोन टोकं, म्हणून चार. वर्तुळाच्या तीन : केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. कंसाच्या पाच. प्रत्येक कन्स्ट्रेंट यातला काही मोकळेपणा काढून घेतो. ही वजाबाकी सुरुवातीला वहीत करा. कंटाळवाणी वाटेल, पण माझ्या मते कन्स्ट्रेंट समजण्याचा याहून जवळचा रस्ता नाही.

आमच्याकडे नेहमी येणारी वस्तू घ्या : बोटीच्या इंजिनाखाली बसणारी पट्टी. १५० बाय ६० चा आयत, त्यात एम१२ बोल्टसाठी १३ मिलिमीटरची दोन भोकं, मधलं अंतर १००. आयताच्या चार रेषा म्हणजे १६. कोपरे एकमेकांना जोडले, कॉइन्सिडंट, की आठ गेल्या. दोन रेषा हॉरिझाँटल, दोन व्हर्टिकल, आणखी चार गेल्या. समोरासमोरचे दोन कोपरे ओरिजिनभोवती, म्हणजे आडवा आणि उभा अक्ष छेदतात त्या बिंदूभोवती, सिमेट्रिक केले की दोन गेल्या. उरल्या दोन : लांबी आणि रुंदी. आता दोन भोकं, म्हणजे सहा. दोघांचे व्यास इक्वल, एक गेली. केंद्रं उभ्या अक्षाभोवती सिमेट्रिक, दोन गेल्या. एक केंद्र आडव्या अक्षावर, एक गेली. उरल्या दोन : अंतर आणि व्यास.

म्हणजे सगळ्या पट्टीला चारच आकडे लागले. बोटवाल्याला फोन केला तर तोही हेच चार सांगेल. कन्स्ट्रेंट नीट लागले की नाही याची माझी हीच परीक्षा आहे : उरलेली मापं तीच हवीत जी कामावरचा माणूस विचारतो.

आता तीच पट्टी दुसऱ्या तऱ्हेने बघा. भोकं डाव्या कडेपासून २५ वर आणि १२५ वर ठेवली. आकार हुबेहूब तोच, स्केचही पूर्ण बांधलेलं, म्हणजे एकही डिग्री मोकळी नाही आणि पडद्यावर हिरवं. मग मालवणहून निरोप येतो, “इंजिन बदललला, भोकां वायच लांब व्हयी.” अंतर ११० करायला तुम्ही १२५ चे १३५ करता. भोकांची जोडी मध्यावरून पाच मिलिमीटर उजवीकडे सरकते, आणि स्केच तरीही हिरवंच राहतं! भोकं मध्याभोवती सारखी असायला हवीत, हे स्केचमध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं. म्हणून रेषा काढण्याआधी एक प्रश्न विचारा : उद्या यातलं काय बदलेल, आणि काय बदलता कामा नये? बदलणाऱ्याला माप द्या, न बदलणाऱ्याला नातं द्या. नाती आधी लावा, मापं शेवटी.

रंगांचं थोडक्यात. फ्रीकॅडमध्ये स्केच पूर्ण बांधलं की हिरवं होतं. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजनमध्ये निळ्याचं काळं होतं. काय मोकळं राहिलंय हे शोधायचं असेल तर माउसने टोक धरून ओढा. जे हलतं ते मोकळं. हे ओढून बघणं मी नव्या मुलांना दिवसभर करायला लावतो, कारण हलण्याच्या दिशेवरूनच कुठलं नातं राहिलं ते कळतं.

मग येतो लाल इशारा. तो दोन प्रकारचा असतो आणि हा फरक ओळखलाच पाहिजे. एकाच रेषेला १५० आणि १६० अशी दोन मापं दिली तर ती भांडतात. दुसरा प्रकार जास्त भेटतो : सांगितलेलंच पुन्हा सांगणं. वरच्या पट्टीत दोन्ही केंद्रं आडव्या अक्षावर ठेवली तर दुसरं नातं फालतू ठरतं, कारण सिमेट्रीने ते आधीच आलेलं आहे. इशारा आला की घाबरून सगळं पुसू नका. नुकतं लावलेलं काढा आणि ते कुठून आधीच आलं होतं ते शोधा. माप नुसतं दिसायला हवं असेल तर ते रेफरन्स म्हणून ठेवता येतं.

रेषा काढताना कर्सरजवळ छोटी चिन्हं दिसतात, ती आपोआप लागणारी नाती. सोयीची आहेत, पण प्रत्येक वेळी वाचा. किंचित तिरपी हवी असलेली रेषा आडवी होऊन बसते आणि कारण सापडत नाही. आणि स्केच हिरवं करायची घाई म्हणून सगळं जागच्या जागी गोठवणारा ब्लॉक किंवा फिक्स वापरू नका. पुढे माप बदलायची वेळ आली की ते आडवं येतं. कोपऱ्यांच्या गोलाया स्केचमध्ये न घेता नंतर सॉलिडवर फिलेट म्हणून द्या, स्केच हलकं राहतं.

सरावाला बोटीच्या पंख्याच्या शाफ्टवरचा फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची गोल चकती, घ्या : बाहेरचं वर्तुळ, मधलं भोक, बोल्टची चार भोकं, आणि त्यांच्या केंद्रांतून जाणारं पीसीडीचं (पिच सर्कल डायमीटर) वर्तुळ, जे कन्स्ट्रक्शन लाइन म्हणून, म्हणजे वस्तूत न येणारी मदतीची रेषा म्हणून, काढायचं. सात वर्तुळं, २१ डिग्री. तीन मोठ्या वर्तुळांची केंद्रं ओरिजिनवर, सहा गेल्या. चारही भोकांची केंद्रं पीसीडीवर, चार. भोकं इक्वल, तीन. दोन केंद्रं आडव्या अक्षावर, दोन उभ्या, आणखी चार. इथे समोरासमोरच्या भोकांना सिमेट्रीही लावून बघा, लाल का होतं ते स्वतः शोधा. मग ते काढून उरलेली चार मापं भरा, आणि पीसीडी एकदा वाढवून, एकदा घटवून चारही भोकं बरोबर सरकतात का ते पाहा.