कथेतील संघर्षाचा प्रकार कसा ओळखावा

कथेतील संघर्ष शोधताना आधी घटनांची यादी करू नये. मुख्य पात्राला काय हवे आहे आणि त्याच्या आड नेमके काय येते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. अमेरिकन लेखक जॅक लंडन यांची १९०८ साली प्रसिद्ध झालेली ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा या सरावासाठी विशेष सोयीची आहे, कारण तिच्यात पात्रे अगदी मोजकी आहेत: एक निनावी माणूस, त्याच्यासोबतचा कुत्रा आणि केवळ आठवणीतून भेटणारा सल्फर क्रीकचा एक जाणता म्हातारा.

कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशाच्या बर्फातून चालत जाऊन संध्याकाळी सोबत्यांच्या तळावर पोहोचायचे, एवढीच त्या माणसाची इच्छा आहे. आड येते ती शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइटची थंडी. थुंकी जमिनीवर पडण्याआधी हवेतच तडकते, इतकी कडक. त्यामुळे ‘माणूस विरुद्ध निसर्ग’ हे उत्तर चटकन सुचते आणि ते बरोबरही आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. पाय भिजल्यावर तो शेकोटी पेटवतो तो प्रसंग सावकाश वाचावा. काटक्या ओढायला सोपे जावे म्हणून तो ती झाडाखालीच रचतो, प्रत्येक ओढीबरोबर झाड किंचित हलते आणि अखेर फांद्यांवर साचलेला बर्फ कोसळून जाळ विझतो. बर्फ निसर्गाचा असला तरी जागा त्याने स्वतः निवडलेली असते.

येथे अनेक विद्यार्थी घाईने ‘माणूस विरुद्ध स्वतः’ असे लिहून मोकळे होतात. माझ्या मते हे तपासून घ्यायला हवे, कारण स्वभावदोष आणि अंतर्गत संघर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतर्गत संघर्षासाठी एकाच मनात दोन ओढी असाव्या लागतात. या माणसाला मात्र बराच काळ शंकाच येत नाही. इतक्या थंडीत एकट्याने प्रवास करू नये, हा म्हाताऱ्याचा सल्ला त्याने हसण्यावारी नेलेला असतो. शेवटी भीतीने सैरावैरा धावावे की शांतपणे मरण स्वीकारावे, असा पेच पडतो, तेव्हाच खरा अंतर्गत संघर्ष सुरू होतो.

म्हाताऱ्याशी असलेला मतभेद हा ‘माणूस विरुद्ध माणूस’ प्रकारात बसत नाही, कारण म्हातारा त्याची वाट अडवत नाही. कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात शेकण्याचा प्रयत्न मात्र थोडा वेळ चाललेला खरा संघर्ष आहे, आणि गोठलेल्या हातांना सुरीही धरवत नसल्याने तो फसतो. समाजाशी संघर्ष या कथेत नाही. तो ओढूनताणून शोधू नये.

उत्तर लिहिताना प्रकाराच्या नावासोबत संघर्षाचा शेवटही नोंदवावा. लंडन यांनी याच नावाची कथा १९०२ साली किशोरवयीन वाचकांसाठी आधी लिहिली होती; तिच्यात नायकाला टॉम व्हिन्सेंट हे नाव आहे, कुत्रा नाही आणि नायक जिवंत राहतो. दोन्हींत प्रतिपक्ष तीच थंडी आहे, तरी पहिल्या कथेतून नायक धडा घेऊन बाहेर पडतो आणि दुसरीत ती संधी त्याला मिळत नाही.