पथक परतल्यावर टाके कोण काढणार? सेवाभावी वैद्यकीय दौऱ्यातल्या या चुका टाळा

परदेशी दौरा कसा झाला असं विचारलं की आधी आकडा ऐकू येतो: पाच दिवसांत इतकी ऑपरेशनं केली. हा आकडा ऐकला की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. टाके कोणी काढले?

अशाच एका दौऱ्याच्या समन्वयाचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी पथक मायदेशी परत निघालं. हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक माणूस मंगळवारी अंगात ताप घेऊन ओपीडीत आला. जखम लाल झालेली, कडेने पू येत होता. ड्युटीवर एकच तरुण डॉक्टर. आत जाळी बसवली आहे का, अँटिबायोटिक कोणतं दिलं, भूल कोणती होती, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. केसपेपर पथकाच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप पथकाबरोबर परत गेलेला. चूक कुणा सर्जनच्या हाताची नव्हती, ती आमच्या आखणीतली होती.

तारखा आधी, रुग्णालय मागून

बहुतेक पथकं आधी तिकिटं काढतात आणि मग रुग्णालयाला कळवतात. रुग्णालय नाही म्हणत नाही, पाहुण्याला नाही कोण म्हणणार? पण ज्या ठिकाणी दोनच ऑपरेशन टेबलं आहेत, तिथे दोन्ही आठवडाभर पाहुण्यांना दिली की मध्यरात्री आलेलं सिझेरियन कुठे करायचं? एक टेबल कायम रुग्णालयाच्याच इमर्जन्सीसाठी मोकळं ठेवा, आणि हे तोंडी नको, लेखी ठरवा. ऑपरेशनच्या रुग्णांची यादीही तिथल्याच डॉक्टरांना करू द्या. मोठी ऑपरेशनं पहिल्या दोन दिवसांत उरका, शेवटचे दोन दिवस राउंड आणि ड्रेसिंगसाठी राखा. शेवटच्या दिवशी 'एवढी एक केस घेऊनच टाकू' असा मोह होतो. तो आवरा.

सिस्टर आणि वॉर्डबॉय त्या आठवड्यात दुप्पट राबतात. त्यांच्या जादा कामाचा भत्ता कोण देणार, हे पहिल्याच पत्रात लिहा.

परवाना आणि कागद

त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलकडून तात्पुरती का होईना, नोंदणी घ्यावीच लागते. 'आपण तर फुकट करतोय' ही सबब चालत नाही. जे काम पथकातल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या देशात करू देत नाहीत, ते तिथेही करू देऊ नये.

संमती घेताना दुभाषा नातेवाईक नसावा. आजार लपवणं, घाबरवणं, परस्पर होकार देऊन टाकणं, हे सगळं घरचा माणूस प्रेमापोटीच करतो.

पथक आणि ओटीची (ऑपरेशन थिएटरची) ओळखच नाही

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. त्यात टांझानियातलं इफाकारा होतं आणि लंडनही. यादीतला एक मुद्दा म्हणजे चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रोज एकत्र काम करणाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण काल विमानातून उतरलेला सर्जन आणि दहा वर्षं तीच ओटी सांभाळणारी सिस्टर समोरासमोर उभे असतात, तेव्हा पोटात राहू नयेत म्हणून मोजायच्या स्पंजच्या मोजणीत चूक झाली हे तिने कोणत्या बळावर सांगायचं? नाव माहीत असेल तर ती बोलते.

आणि मुख्य सर्जनच्या जागी शक्यतो तिथला डॉक्टर उभा राहू द्या. पाहुण्याने समोरच्या बाजूने मदत करावी. ऑपरेशनं कमी होतील, होऊ द्या.

देणगीचं सामान

110 व्होल्टचं यंत्र 230 व्होल्टच्या प्लगला लावलं तर काय होतं ते सांगायला नको. 2011 च्या एका अभ्यासात कमी साधनांच्या देशांतली सुमारे 40 टक्के वैद्यकीय उपकरणं बंद आढळली. यंत्र पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: वीज कशी आहे, दुरुस्ती कोण करणार, आणि त्याला लागणारी नळी किंवा कार्ट्रिज तिथे विकत मिळते का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आलं, तर ते यंत्र नेऊ नका. पोचलेलं यंत्र चालत नसेल तर लगेच परत पाठवायच्या गोष्टी करू नका. आधी तिथल्या तंत्रज्ञाला बोलावून फ्यूज, प्लग आणि फिल्टर तपासा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर धुळीने बुजलेला असणं तर नेहमीचंच.

औषधांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: मागितलेलीच द्यावीत, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळेल अशा भाषेत आणि जेनेरिक नावासह असावं. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये न मागितलेल्या औषधांचे ढीग साचले आणि ती नष्ट करणं हेच वेगळं काम होऊन बसलं.

गुंतागुंत झालीच तर

ती होणारच असं धरून चाला. निघण्याआधी रुग्णांची यादी करा. प्रत्येक नावापुढे टाके काढायची तारीख, जबाबदार स्थानिक डॉक्टरचं नाव आणि 'ताप, पू, रक्तस्राव झाल्यास काय करायचं' हे दोन ओळींत लिहा. पहिले 30 दिवस रोज ठरलेल्या वेळी पथकातला एक सर्जन फोनवर हजर हवा. पुन्हा ऑपरेशन, औषधं, गाडीभाडं यांसाठी थोडे पैसे रुग्णालयाकडे आधीच ठेवा, म्हणजे तो खर्च रुग्णाच्या माथी बसत नाही.

हर्नियाच्या त्या माणसाची जखम भरायला सहा आठवडे लागले. पुढच्या दौऱ्यात आम्ही कार्बन पेपरची वही नेली: मूळ पान केसपेपरला, दुसरं रुग्णाच्या हातात, तिसरं आमच्याकडे.