स्टार्टअपच्या संस्थापकाने स्वतःचा पगार कसा ठरवावा

नवा उद्योग उभा करताना पहिली एक-दोन वर्षे स्वतःसाठी एक रुपयाही न घेणे हा त्याग म्हणून मिरवला जातो. प्रत्यक्षात घरची बचत आटत जाते आणि धंद्याचे निर्णय घरातल्या ओढाताणीतून होऊ लागतात. शिवाय संस्थापकाचे श्रम फुकट धरल्यामुळे हिशेबात दिसणारा नफाही खरा नसतो. म्हणून रक्कम लहान असली तरी चालेल, पण पगार आधी ठरवून, कागदावर आणून, दरमहा घ्यावा.

सुरुवात घरखर्चापासून करावी. गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे समोर ठेवून घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, किराणा, मुलांची फी, आईवडिलांची औषधे यांची मासिक बेरीज करावी आणि विम्यासारखे वर्षातून एकदा येणारे खर्च बारा महिन्यांत विभागून त्यात मिळवावेत. घरात दुसरे उत्पन्न असेल, तर त्यातून किती भार उचलला जाईल हे त्या व्यक्तीशी स्पष्ट बोलून ठरवावे. उरलेला आकडा ही पगाराची खालची मर्यादा होय.

मग कंपनीची ऐपत पाहावी. समजा, खात्यात ६० लाख रुपये आहेत आणि उत्पन्न वजा जाता दरमहा ४ लाख रुपये खर्च होतात. म्हणजे पैसा १५ महिने पुरेल. दोन संस्थापकांनी प्रत्येकी ५० हजार रुपये घेतले, तर तो १२ महिने पुरेल आणि प्रत्येकी १ लाख घेतले, तर १०. पुढची गुंतवणूक मिळवायला सहा ते नऊ महिने लागतील असे धरले, तर हा दोन महिन्यांचा फरक किती मोलाचा आहे ते कळते.

वरची मर्यादा ठरवण्यासाठी आपल्या जागी बाहेरचा माणूस नेमल्यास त्याला किती द्यावे लागेल, हे पाहावे. भागभांडवल आपल्या हाती असल्याने त्याहून कमी घेणे रास्त आहे. मालाची किंवा सेवेची किंमत ठरवताना मात्र ती पूर्ण रक्कमच धरावी.

आता कायद्याची बाजू. संचालकांच्या एकूण मोबदल्यावरची, नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा पब्लिक कंपन्यांसाठी आहे, प्रायव्हेट लिमिटेडला ती लागू नाही. तरीही संचालक मंडळाचा ठराव करावा, गुंतवणूकदारांशी झालेल्या करारात त्यांची संमती आवश्यक आहे का ते तपासावे आणि टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापून पगार बँकेतूनच घ्यावा. कंपनीच्या खात्यातून घरखर्चाची उचल करणे टाळावे, कारण संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याची बंधने आहेत आणि किमान १० टक्के मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकाला दिलेली अशी रक्कम, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, लाभांश समजून करपात्र ठरू शकते. पगार ठरवून थकीत ठेवणेही तोट्याचे आहे; तो हातात आला नसला तरी ज्या वर्षी देय झाला त्याच वर्षी करपात्र होतो. त्यामुळे पैशांची चणचण दिसताच पुढच्या महिन्यांचा पगार आधीच ठराव करून कमी करावा.

लाभांश कंपनीने आपला प्राप्तिकर भरल्यानंतरच्या नफ्यातून मिळतो आणि भागधारकाच्या हातात त्यावर पुन्हा कर लागतो, तर पगार हा कंपनीचा खर्च म्हणून वजा होतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीनुसार, दुसरे उत्पन्न नसल्यास, १२.७५ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक पगारावर प्राप्तिकर पडत नाही.

भागीदारी संस्था किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल, तर मोबदल्याची तरतूद करारनाम्यात हवी आणि त्याची वजावट ठरावीक मर्यादेतच मिळते. एकल मालकीत मालकाची उचल खर्च म्हणून वजा होत नाही.

ठरलेल्या रकमेचा फेरविचार दर सहा महिन्यांनी, तसेच नवी गुंतवणूक आल्यावर करावा. गुंतवणुकीचा पैसा आला म्हणून लगेच पगार दुप्पट करू नये. घरखर्च आणि शिल्लक महिन्यांचे गणित नव्याने मांडून, सहसंस्थापकांसमोर ठेवूनच नवा आकडा ठरवावा.