अमेरिकेतील ग्राहकांना टपाल पाठवताना तिथलाच परतीचा पत्ता कसा घ्यावा

कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारातला व्यापारी असो, हुपरीचा चांदीकाम करणारा असो किंवा शिरोलीच्या फौंड्रीचा मालक असो, अमेरिकेतील दुकानांना माहितीपत्रके आणि नमुने पाठवू लागल्यावर प्रत्येकाला एक अडचण हमखास येते. दुकानाने जागा बदललेली असते, लिफाफा पोहोचत नाही आणि त्यावर कोल्हापूरचा पत्ता असल्यामुळे तो कित्येक महिन्यांनी परततो किंवा परततच नाही. ग्राहकाला चपलेचा जोड मापात बसला नाही, तर तो भारतात परत पाठवण्याचा टपालखर्च जोडाच्या किमतीच्या वर जातो, आणि तो ग्राहक पुन्हा आपल्याकडे वळत नाही. म्हणून अमेरिकेतलाच परतीचा पत्ता घ्यावा हा विचार योग्यच आहे; मात्र तो पत्ता कुठे छापायचा, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

यातील मूळ नियम असा की तिकीट ज्या देशाचे, परतीचा पत्ताही त्याच देशाचा असावा. कोल्हापूरच्या टपाल कार्यालयात भारतीय तिकीट लावून टाकलेल्या लिफाफ्यावर प्रेषक म्हणून न्यू जर्सीचा पत्ता घातला, तर अमेरिकेचे टपाल खाते असे समजू शकते की तिथल्याच रहिवाशाने स्वस्तात काम भागवण्यासाठी हे टपाल परदेशातून टाकले आहे. जागतिक टपाल संघाच्या करारानुसार असे टपाल पोहोचवण्याचे बंधन कोणत्याही देशावर नसते, आणि त्यावर स्थानिक दराने आकारणी मागता येते. शिवाय सीमाशुल्काच्या सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्मवर प्रेषक म्हणून खऱ्या निर्यातदाराचेच नाव आणि पत्ता असावा लागतो.

त्यामुळे दोन मार्ग उरतात. पाठवणी थोडी असेल तर पाकिटावर कोल्हापूरचाच पत्ता ठेवावा आणि आत एक छापील चिठ्ठी घालून ‘माल परत करायचा असल्यास या पत्त्यावर पाठवा’ असे सांगून अमेरिकेतील पत्ता द्यावा. पाठवणी मोठी असेल, म्हणजे दोन-तीनशे माहितीपत्रके एकदम पाठवायची असतील, तर सगळी एका गठ्ठ्यात कुरिअरने अमेरिकेतील टपाल हाताळणाऱ्या एजन्सीकडे पाठवावीत. ती तिथले तिकीट लावून टपालात टाकते आणि मग बाहेरच्या बाजूला तिथला परतीचा पत्ता निर्धास्तपणे छापता येतो.

पत्ता मिळवायचा म्हटले की आपल्याकडे पहिला विचार नातेवाइकांचा येतो: भाचा तिकडे आहे, त्याच्याच घरचा पत्ता घालू. महिन्याला चार-पाच पत्रे येणार असतील तर हरकत नाही, पण भाच्याचे नाव ‘केअर ऑफ’ म्हणून लिहावे, कारण इमारतीतील टपालपेटीवर ज्याचे नाव नाही त्याचे पत्र पोस्टमन परत नेऊ शकतो. भाचा नोकरीच्या व्हिसावर असेल तर परत आलेला माल तपासणे, साठवणे आणि पुन्हा पाठवणे ही कामे त्याच्यावर टाकू नयेत, कारण ती त्याच्या व्हिसाच्या अटींच्या आड येऊ शकतात. घरात आपला विक्रीचा माल साठवून ठेवला तर त्या राज्यात आपल्यावर विक्रीकराचे दायित्वही येऊ शकते. नात्यातल्या माणसाला अशा अडचणीत टाकण्यापेक्षा एजन्सीचे भाडे भरलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा एजन्सीला तिथे टपाल खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि तिच्यामार्फत टपाल घेण्यासाठी आपल्याला ‘पीएस फॉर्म १५८३’ भरून द्यावा लागतो. त्यासोबत दोन वेगळे पुरावे लागतात, एक छायाचित्राचा आणि दुसरा राहत्या पत्त्याचा. छायाचित्रासाठी पासपोर्ट चालतो. क्रेडिट कार्ड किंवा जन्मदाखला चालत नाही. फॉर्ममधील घरचा पत्ता आणि पुराव्यावरचा पत्ता जुळलाच पाहिजे, म्हणून पासपोर्टवर ‘राजारामपुरी’ आणि दुसऱ्या कागदावर जुन्या वाड्याचा पत्ता असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. सही नोटरीसमोर किंवा एजन्सीच्या प्रतिनिधीसमोर करावी लागते, आणि ती समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलवरही करता येते, त्यामुळे केवळ यासाठी मुंबईच्या वकिलातीत जाण्याची गरज पडत नाही. टपाल आपल्या दुकानाच्या नावाने येणार असेल तर ते नाव फॉर्ममध्ये अवश्य लिहावे.

मिळालेल्या पत्त्यात ‘पीएमबी’ (म्हणजे खासगी टपालपेटी) ही अक्षरे किंवा ‘#’ हे चिन्ह आणि पेटीचा क्रमांक असतो. तो भाग शोभेसाठी गाळू नये. आपल्याकडे प्रेषकाचा पत्ता पाकिटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लिहिण्याची सवय आहे. अमेरिकेत तो डाव्या वरच्या कोपऱ्यातच हवा, नाहीतर वाचनयंत्र त्यालाच पोहोचवण्याचा पत्ता समजू शकते. तिथल्या नेहमीच्या ‘फर्स्ट क्लास’ टपालाने गेलेले आणि न पोहोचलेले पत्र जादा पैसे न घेता परत येते, पण सवलतीच्या मार्केटिंग मेलने गेलेली माहितीपत्रके, पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ असे इंग्रजीत छापलेले नसेल, तर टाकून दिली जातात. हे शब्द छापल्यास परतीचा खर्च आपल्याला पडतो. तरीही यादीतील चुकीचे पत्ते कळतात म्हणून पहिल्या पाठवणीला तो जरूर सोसावा.

हा पत्ता म्हणजे कंपनीची नोंदणी किंवा कायदेशीर नोटिसा घेणारा प्रतिनिधी नव्हे, आणि तिथल्या बँका खाते उघडताना तो सहसा मान्य करत नाहीत.

२९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी शुल्कमाफी बंद झाली आहे. त्यामुळे परत आलेला जोड भारतात आणून दुसरा पाठवायचा म्हटले तर तिथले शुल्क पुन्हा भरावे लागते. तोच जोड एजन्सीकडून दुसऱ्या ग्राहकाकडे पाठवला तर ते वाचते. माल भारतात परत आणायचाच असेल, तर डाकघर निर्यात केंद्रात भरलेले पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट (टपालाने केलेल्या निर्यातीचा सीमाशुल्काचा कागद) जपून ठेवावे, कारण हा आपलाच निर्यात केलेला माल आहे हे त्यावरून सिद्ध करता येते.

पाकिटे सुरुवातीला शंभरच छापावीत, कारण पुढे पत्ता बदलावा लागू शकतो. एजन्सीशी करार संपला की त्या पत्त्यासाठी टपाल खात्याकडे पत्ताबदलाची नोंद करता येत नाही. एजन्सी सहा महिने टपाल पुढे पाठवते, तेवढाच अवधी हाती राहतो. पहिल्या गठ्ठ्याआधी अमेरिकेतील एखाद्या ओळखीच्या माणसाला त्या पत्त्यावर दुकानाच्या नावाने एक साधे पत्र टाकायला सांगावे आणि ते आपल्या पेटीत जमा झाल्याचे एजन्सीने कळवल्यावरच उरलेली पाकिटे छापखान्यात द्यावीत.