टबातला नळ पकडला की झिणझिण्या येतात? अर्थिंग-बाँडिंगच्या या चुका टाळा

बेळगावातल्या अनगोळच्या एका घरात मागच्या उन्हाळ्यात बोलावलं होतं, तक्रार एवढीच की व्हर्लपूल टबात (मोटरनं पाणी फिरवणारा टब) बसून नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. मोटरचं कव्हर काढलं तर अर्थ वायर होती, चांगली हिरवी, पण बोर्डाकडं न जाता शेजारच्या जुन्या जीआय म्हणजे लोखंडी पाईपला गुंडाळलेली. पूर्वी तो पाईप जमिनीत जात होता म्हणून चालून गेलं, मग कधीतरी प्लंबरनं गळका तुकडा कापून तिथं सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा पाईप घातला आणि अर्थ तिथंच तुटला. मोटरचं लीकेज, म्हणजे बॉडीत झिरपणारा करंट, आता त्याच वायरनं पाईपवर आणि पाईपवरनं थेट नळावर यायला लागलं. प्लंबरला काय दोष द्यायचा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्याच्या पाईपला अर्थ समजू नका, अर्थ वायर मोटरपासून बोर्डापर्यंत आणि तिथनं अर्थच्या खड्ड्यापर्यंत सलग तांब्याचीच पाहिजे.

दुसरा घोळ याच्याहून जास्त बघतोय. घरात अर्थच नाही, मग सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरनं एक तुकडा अर्थच्या पिनेला मारून देतात. असं कधीच करू नका ओ. कुठंतरी न्यूट्रल सुटली की मोटरची बॉडी सरळ २३० व्होल्टवर जाते, आणि माणूस पाण्यात बसलेला असतो. अशा घरात आरसीसीबी (जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की लाईन तोडणारा स्विच) बसवला आणि मोटरची बॉडी कुठं जमिनीला टेकत असली की तो पडत राहतो, मग लोक तुकडा काढायचा सोडून आरसीसीबीच काढून टाकतात!

आता अर्थिंग आणि बाँडिंग यातला फरक, कारण बरेच वायरमनही दोन्ही एकच धरतात. अर्थिंग म्हणजे लीकेजला परत जायची वाट. बाँडिंग म्हणजे मोटरची बॉडी, हीटरची बॉडी, धातूचा पाईप, धातूचा ड्रेन हे सगळं तांब्याच्या वायरनं एकमेकांना आणि अर्थला जोडणं, म्हणजे फॉल्ट आला तरी दोन्ही हातांखाली व्होल्टेज जवळपास सारखंच राहतंय. शॉक बसतो तो व्होल्टेजच्या फरकामुळं. बाँडिंगची वायर पाईपात न घालता उघड्यावरनं नेणार असाल तर ४ स्क्वेअर एमएमची टाका. अमेरिकन व्हिडिओत ८ गेजची, म्हणजे साधारण ८.४ स्क्वेअर एमएमची सॉलिड वायर दाखवतात आणि ५ मिलिअँपला ट्रिप होणारं यंत्र, तो त्यांचा नियम आहे, आपल्याकडं ३० मिलिअँपचा आरसीसीबी लागतो. अ‍ॅक्रिलिकच्या टबाला वायर बांधायची गरज नाही, सगळी लाईन सीपीव्हीसीची असेल तर नुसत्या पितळी नळालाही नाही. आणि मोटरच्या लेबलवर चौकोनात चौकोन असेल तर ती डबल इन्सुलेशनची, तिच्या बॉडीला अर्थ जोडायचा नाही.

"एमसीबी आहे की, मग आरसीसीबी कशाला?" हे मला रोज कोणीतरी विचारतंय. एमसीबी करंट फार वाढला तरच पडतो. हिशेब बघा. अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर पूर्ण फॉल्टला सुद्धा २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँप जातील, १६ अँपचा एमसीबी हलणार पण नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहील. भिजलेल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला तरी २३० मिलिअँप जातात, जीव जायला त्याच्यापेक्षा खूप कमी पुरतात.

अर्थ तपासायला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात, तेही बंद करा. अर्थ १०० ओहमचा, म्हणजे अगदी टाकाऊ असला तरी बल्ब बऱ्यापैकी पेटतो. आरसीसीबीचं टेस्ट बटणही फक्त आरसीसीबी तपासतंय, अर्थ नसला तरी ते पडणारच. महिन्यातनं एकदा दाबाच, पण अर्थची खात्री अर्थ टेस्टरनंच करा, आणि मे महिन्यात. खानापूरकडं आषाढात माती गच्च ओली असताना कुठलाही खड्डा चांगलंच रीडिंग देतो, अथणीच्या कडक उन्हाळ्यात तसलाच खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यातला जीआय पाईप मिठानं खाल्ला जातो, पाणी घालताना वरची क्लॅम्प खरवडून बघा.

टबाला वेगळी लाईन ठेवा, ३ किलोवॅटचा हीटर एकटाच १३ अँप ओढतो. आणि टाईल लावताना मोटरपर्यंत पोचायला झाकण सोडा, नाहीतर पुढं फरशी फोडायची वेळ येते.

आरसीसीबी पडत असेल तर आधी कधी पडतोय ते बघा. हीटर लावल्यावर पडला तर बहुतेक एलिमेंट गेलंय, बोअरच्या जड पाण्यात त्याच्यावर क्षार बसून ते फुटतं. मोटर लावल्यावर पडला तर टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरलंय का बघा. सगळे एमसीबी पाडूनही पडत असेल तर न्यूट्रल कुठंतरी अर्थला लागलीय, कारण सिंगल पोल एमसीबी फेजच तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रल बारवरनं एकेक वायर सोडवायची आणि लायसन असलेल्या माणसाकडनं मेगर मारून (वायरचं इन्सुलेशन तपासून) घ्यायचं. आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की पडत असेल तर इन्व्हर्टरची न्यूट्रल आरसीसीबीच्या न्यूट्रलमध्ये मिसळलीय का ते आधी बघा, आमच्याकडं जुन्या घरात नंतर इन्व्हर्टर बसवलेल्या बऱ्याच ठिकाणी तेच निघालंय.