आउटबोर्डची पिन कुठल्या भोकात घालायची? तापोळा-बामणोलीच्या बोटवाल्यांसाठी

बोट नाक वर करूनच चालते, पेट्रोल भसाभस पिते, फुल थ्रॉटल दिला तरी पळत नाही, असं कुणी सांगितलं की पहिलं नाव इंजिनाचं निघतं. पण इंजिन खोलायच्या आधी पिन बघा राव, बऱ्याचदा दुखणं तिथंच असतं.

आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीला जिथं आवळतो तिथं ब्रॅकेटला ओळीनं काही भोकं असतात, त्यातल्या एकात आडवी पिन असते आणि इंजिनाचा पाय त्या पिनेला टेकतो. पिन फळीच्या जवळच्या भोकात घातली की पंखा बोटीच्या पोटाकडं आत जातो, पाणी मागं आणि थोडं खाली फेकतो, त्यामुळं मागची बाजू उचलली जाते आणि नाक खाली बसतं. लांबच्या भोकात घातली की उलटं, मागची बाजू दबते, नाक वर.

आता एवढ्याशा अँगलनं काय फरक पडणार असं वाटतं ना, तर हिशोब करून बघा. समजा पंख्याचा रेटा 100 किलो आहे, बोटीच्या वजनाचा मध्य मागच्या फळीपासून 2 मीटर पुढं आणि पंख्यापेक्षा 60 सेंमी वर आहे. रेटा सरळ असला तरी तो खालून ढकलतो म्हणून नाक उचलायला 60 किलो-मीटरचा (म्हणजे किलो गुणिले मीटर, अंतर नव्हे) जोर लागलेलाच असतो. पंखा 5 अंश आत घेतला की तो 42 वर येतो, 5 अंश बाहेर काढला की 77 वर जातो, आणि पुढं ढकलणारा रेटा दोन्ही वेळेला 99 किलोच्या वरच राहतो! म्हणजे वेगाचा रेटा जवळपास तेवढाच पण नाकावरचा फरक 35 किलो-मीटर, 70 किलोचा माणूस अर्धा मीटर पुढं-मागं सरकवल्याएवढा.

सेटिंग करताना रिकामी बोट घेऊ नका, रोज जेवढी माणसं बसतात तेवढी बसवा, सकाळी पाणी शांत असताना पिन मधल्या भोकात घालून सुरुवात करा. पिनेला हात लावायचा तो इंजिन बंद करून, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची) दोरी काढून, इंजिन वर उचलून लॉक करूनच. मग थ्रॉटल देऊन बघा. नाक बराच वेळ वरच राहिलं, समोरचं दिसेना, तर पिन एक भोक आत. नाक पाण्यात घुसतंय, अंगावर पाणी उडतंय, हँडल जड झालंय, तर एक भोक बाहेर. वेग आल्यावर नाक वर-खाली आपटायला लागलं, किंवा इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, पंखा हवा ओढतोय, तर परत आत. पंख्याच्या वरची आडवी प्लेट चालत्या बोटीत पाण्याला समांतर आणि बोटीच्या तळाच्या लेव्हलला असली की सेटिंग जमलं. प्लेटच फार वर किंवा फार खाली येत असेल तर शाफ्टची लांबी फळीच्या उंचीशी जुळते का बघा, 15 इंच आणि 20 इंच हे नेहमीचे माप.

वासोट्याला जाणारी पोरं सॅका घेऊन सगळी मागंच बसतात, तिथं पिनेचं काही चालत नाही, आधी दोघं-तिघं पुढं सरकवा. आणि छोटं इंजिन, भरलेली बोट असेल तर ती पाण्यावर उचलून पळणारच नाही, तिथं रेटा सरळ ठेवायचा आणि सावकाश जायचं. शिवाय आपल्या कोयना धरणाच्या पाण्याची भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांच्या आसपास, एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळं साध्या इंजिनाची साधारण 6 टक्के ताकद कमी होते, म्हणून समुद्रावर चाललेला पंखा इथं जड वाटला तर एक नंबर कमी पिचचा (एका फेरीत पंखा जेवढा पुढं सरकतो ते पिच) लावून बघा.

पॉवर ट्रिम, म्हणजे पिनेऐवजी बटणानं इंजिन आत-बाहेर करायची सोय असेल तर काम सोपं, निघताना पूर्ण आत, बोट उचलली की बटण थोडं थोडं दाबत बाहेर, आणि जोरात वळायच्या आधी किंवा दुपारच्या वाऱ्यात लाटा उठल्या की परत आत.

सेटिंग झाल्यावर हँडल एकाच बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या मागं वरती छोटं पातं असतं, त्याचा बोल्ट ढिला करा आणि बोट ज्या बाजूला सहज वळते त्याच बाजूला पात्याचं मागचं टोक थोडंसं फिरवून परत आवळा.